लेस बांधणारा माणूस
गुडगावातला टॉवर अजून उभा राहायचा होता, म्हणून बिल्डरच्या ऑफिसात त्याचं भिंतभर चित्र रंगवलं होतं. बायको पार्किंगचं विचारत होती, मी चित्रातली माणसं बघत होतो. गेटपाशी एकजण वाकून बुटाची लेस बांधत होता. लहानपणीच्या माझ्या लाडक्या कॉमिक्समध्ये प्रत्येक गर्दीत हाच असायचा. चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नसायचं. “ये किसने बनाया?” मी विचारलं. कोपऱ्यात ब्रश धुणाऱ्या म्हाताऱ्याने मान वळवली. मी लेसवाल्यावर बोट ठेवलं, तसा तो हसला. “वो मैं हूँ. नाम तो छापते नहीं थे.” “तो चेहरा क्यों छुपाया?” “दिखता, तो मालिक पहचान लेता.” मी ब्रोशर पुढे करून सही मागितली. त्याने बिल्डरच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि पेन्सिलीने तोच माणूस काढून दिला, लेस बांधणारा, मान खाली घातलेला.