हुबेहूब

हनोईच्या गल्लीत बर्फाचा चहा ढोसता ढोसता म्हाताऱ्या चित्रकार तिएपने शेजारच्या ख्वातशी पैज मारली. "चेहरा काढायला मला ना फोटोवर चौकोन आखावे लागत, ना तुझा तो फोन. कधी लागलाच, तर भर चौकात कोंबड्यासारखा आरवेन!"

"बांग जोरात द्या हं, दादा!" ख्वात खिदळला.

चारच दिवसांत तिएपची बायको थोआ हरवली. हल्ली तिला काही आठवत नसे. चित्रकाराच्या घरात फोटो कशाला, म्हणून तिचा एकही नव्हता. तिएपने आठवणीतूनच तिचं चित्र काढलं आणि दिवसभर दारोदार दाखवत फिरला.

"आजोबा, ही तर विशीतली पोरगी! अशी कुणी नाही दिसली," जो तो म्हणे.

संध्याकाळी ख्वात कामावरून येताच तिएपने त्याचा हात धरला. "तुझ्या फोनात आहे का रे ती?"

नववर्षाच्या जेवणातला फोटो निघाला, गल्लीच्या ग्रुपवर गेला. दहा मिनिटांत थोआ फुलबाजारात सापडली.

ख्वात नको नको म्हणत असताना तिएप चौकात जाऊन आरवला.

थोआ मात्र ते चित्रच न्याहाळत होती. "अगंबाई, ही तर मीच!" ती ख्वातला म्हणाली. "पण तो आरवणारा म्हातारा कोण हो?"