तुम्ही तारा असता तर

घड्याळजींनी बूट काढले, कोट बायकोच्या हातात दिला आणि ते यंत्रावर चढले. यंत्र तारांगणाच्या दाराशीच होते. नाणे टाकले की ते माणसाचे वजन करायचे आणि त्या हिशेबाने तो कोणता तारा झाला असता ते छापून द्यायचे. किलो मात्र छापायचे नाही. लोक नाराज होतात, असा अनुभव होता.

कार्ड बाहेर आले. रंग नारिंगी, तेज मंद, आयुष्य एकवीस अब्ज वर्षे.

"मागच्या खेपेपेक्षा दोन अब्ज वाढली," घड्याळजी समाधानाने म्हणाले.

घड्याळजींच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि वजन वाढल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. दवाखान्यातल्या काट्यावर चढायचे ते नावही काढत नसत. इथे यायला एका पायावर तयार असत. दर वेळी त्यांचे आयुष्य वाढायचे आणि दर वेळी बायकोचे तोंड उतरायचे.

"अहो, हलका असला की जास्त जगतो, हे ताऱ्यांचं झालं."

"मी तेच म्हणतोय. जड तारा भसाभस जळतो आणि लवकर संपतो. हलका पुरवून पुरवून खातो. मग मला कशाला फुगवताय? ऑपरेशन नको आणि काही नको."

त्यांच्या आधी चढलेले एक जाडजूड गृहस्थ अजून आपले कार्ड उलटसुलट करत उभे होते.

"पांढरा, लखलखीत, सगळं बरोबर. पण आयुष्य तीनच अब्ज?"

"पुरतील, साहेब," तिकीटवाला म्हणाला. मग तो घड्याळजींच्या बायकोकडे वळला. "काकू, तुम्ही कधीच चढला नाहीत. आज माझ्यातर्फे."

"मला काय करायचंय?"

"चढ गं," घड्याळजी म्हणाले. लग्नापासून ती त्यांच्यापेक्षा अंगाने भरलेली होती आणि त्यावरून चिडवायची सवय त्यांनी सोडली नव्हती. "तुझी कशीबशी पाच-सहा निघतील. पिशवी इकडे दे. नाहीतर पिशवीचं वजनही धरतील त्यात."

तिने पिशवी द्यायला जरा वेळ लावला.

कार्ड आले. रंग नारिंगी, तेज आणखी मंद, आयुष्य तेवीस अब्ज वर्षे.

"यंत्र बिघडलंय," घड्याळजी म्हणाले.

"आत्ताच साहेबांचं बरोबर आलं की, काका."

घड्याळजींनी जन्मभर यंत्रांचीच बाजू घेतली होती. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिले. तिच्या मनगटी घड्याळाचा पट्टा त्यांनीच बसवला होता. पट्ट्याला त्यांनी पाडलेली भोके ते ओळखत होते. ज्या भोकात आता पट्टा अडकवला होता, ते त्यांचे नव्हते. कुणीतरी खिळा ठोकून पाडले होते. तरीही घड्याळ सैलच होते.

"तू जेवत नाहीस?"

"तुम्ही ताट सरकवून उठता. मग एकटीसाठी कशाला वाढून घ्यायचं?"

घड्याळजींनी दोन्ही कार्डे शेजारी शेजारी धरून पाहिली. बूट घालायचे राहिलेच होते. मग त्यांनी तिकीटवाल्याला विचारले, इथे खायला काय मिळते. उकडलेली अंडी मिळतात, पण मीठ संपले आहे, असे तो म्हणाला.

दोघे कोपऱ्यातल्या बाकावर बसले. घड्याळजींनी एक अंडे सोलले आणि मिठावाचून अख्खे संपवले. दुसरे सोलून तिच्या हातावर ठेवले.

"खा," ते म्हणाले. "आपल्याला दोघांचंही आयुष्य कमी करायचंय."