गव्हाणीतलं तणस

गव्हाणी रिकामी होती, आणि घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी शेजारच्या गल्लीत येऊन ठेपली होती. ढोलकीचा आवाज ललिताला स्वयंपाकघरातही ऐकू येत होता.

बाकी घर कसं झकास नटलं होतं! गोंदियाहून आणलेलं झाड छताला टेकलं होतं. दारावरचा तारा एवढा मोठा की येणाऱ्यानं वाकूनच आत यावं. नव्या सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, काढायची कुणाची टापही नव्हती. फक्त सासऱ्यांनी आपल्या हातानं विणलेली बांबूची गव्हाणी कोपऱ्यात उघडी पडली होती.

त्या घराचा रिवाजच तसा होता. डिसेंबरात घरातल्या कुणी दुसऱ्यासाठी काही केलं, तर गुपचूप गव्हाणीत भाताच्या तणसाची एक काडी टाकायची. काय केलं ते सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या काड्यांवर बाळ येशूला निजवायचं, मगच गाणी सुरू. यंदा ललिताचा महिना बाजारात गेला, नवऱ्याचा, प्रेमलालचा, दुकानात. सासूबाई, शेवंताबाई, महिनाभर लेकीकडे रामपायलीला होत्या, त्या आजच दुपारी परतल्या.

आता चारचौघं येणार, फोटो निघणार. ललिता तरातरा समोरच्या महागूच्या गोठ्यात गेली, म्हशीपुढचं तणस कवेत भरून आणलं आणि गव्हाणीत कोंबलं. झालं काम. गव्हाणी कशी भरगच्च दिसायला लागली.

"काय करून राह्यली वो, ललिता?"

शेवंताबाई भिंत चाचपत आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. त्या गव्हाणीपाशी खाली बसल्या आणि सवयीनं हात आत घातला. हात तिथंच थांबला. मग त्यांनी दुसराही हात घातला. काड्यांवरून त्यांची बोटं इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिली.

"एवढं?" त्या म्हणाल्या. "बाई, ह्या घरात एवढं झालं? मी नोती तं एवढं झालं?"

ललिता बोलायला गेली. म्हातारीनं हात वर केला.

"सांगू नको. सांगतलं का काडी जाते."

आणि त्या बाईनं, जिला उठबस करताना भिंत लागत होती, गुडघे टेकले आणि तणसावर कपाळ ठेवलं. "प्रभू, माफ कर मले. मी मनातल्या मनात म्हणत होती, ह्या घरात नुसतं सामानच येऊन राह्यलं. चुकली मी."

आयुष्यात ललितानं पुष्कळ प्रार्थना ऐकल्या होत्या, पण आपल्या खोटेपणापुढे कुणी असं खरं वाकलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती हललीच नाही, तिला हलायची भीती वाटत होती.

दुपारचा फोन तिला आठवला. मावसबहिणीची मुलगी समीक्षा लामत्याहून वडिलांना घेऊन इस्पितळात आली होती. वडील आत, ती बाहेर व्हरांड्यात. "मावशी, झोपायले तुमच्याकडं येऊ का? ठंड लय हाये." घर पाहुण्यांनी भरलंय, नाताळ झाल्यावर ये, असं ललितानं सांगितलं होतं. घरात एकही पाहुणा नव्हता. सोफा होता.

शेवंताबाई उठल्या. "बाळ माह्या पेटीत हाये, आणतो," म्हणत हसतमुखानं आत गेल्या.

ललितानं सगळं तणस परत कवेत घेतलं, रस्ता ओलांडून म्हशीपुढे टाकलं, आणि समोरून येणाऱ्या ऑटोला हात केला.

समीक्षा व्हरांड्याच्या भिंतीला टेकून बसली होती, शाल डोक्यावरून घेऊन. मावशीला बघून ती गडबडून उठली.

"पाहुणे गेले का, मावशी?"

"बाबाजवळ कोण हाये?"

"भाऊ आला ना आता."

"तं मंग पिशवी घे. चाल."

ऑटोत समीक्षानं मावशीच्या स्वेटरच्या खांद्यावरून काहीतरी उचललं. "मावशी, तनस लागलं." ती फेकणार, तोच ललितानं ती काडी तिच्या हातातून घेतली आणि मूठ मिटली. घर येईपर्यंत ती मूठ उघडली नाही.

घरात माणसंच माणसं होती, पण गाणं सुरू नव्हतं. ढोलकी मांडीवर घेऊन पोरं गप्प बसली होती. प्रेमलाल दाराशी ओशाळून उभा होता. गव्हाणीपाशी शेवंताबाई बाळाला छातीशी धरून बसल्या होत्या.

"मघाशी भरली होती," त्या कुणालातरी सांगत होत्या. "ललिता येऊ द्या. तिच्याबिगर मी बाळाले ठेवत नाही."

ललितानं समीक्षाला सोफ्यावर बसवलं. प्लास्टिक करकरलं, सगळ्यांनी वळून पाहिलं. मग ती सासूबाईंजवळ गेली, वाकली, आणि मूठ गव्हाणीत उघडली. आता म्हातारी काय म्हणेल, याचीच धास्ती होती.

शेवंताबाईंनी हात आत घातला. रिकाम्या बांबूवरून बोटं फिरली, पुन्हा फिरली, आणि एका जागी थांबली. त्यांनी ती काडी उचलली, गालाला लावली.

मग काडी जागेवर ठेवून त्यांनी बाळाला तिच्यावर अलगद निजवलं.

"गरम हाये," त्या म्हणाल्या. "त्याले ठंड नाही लागत आता. म्हणा रे पोरांनो."