टवका

पडक्या चर्चच्या डागडुजीत पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचा एकच नियम होता. "पडलंय ते उभारायचं नाही, उभं आहे ते पडू द्यायचं नाही. नवं काही दिसलं, तर घरी बसायचं!"

एकदा गवंडीमामांनी शिडी फिरवली, ती कमानीवर आपटली आणि चांगला मूठभर टवका उडाला. साहेब यायच्या आत मामा चुना घेऊन तो चिकटवायला गेले, तोच मागून साहेबांची आरोळी आली.

"मामा, हात काढा! चारशे वर्षांचा घाव बुजवताय?"

मामांनी तुकडा गुपचूप खिशात टाकला.

आता तिथे दोरी बांधली आहे. गाइड पर्यटकांना दबक्या आवाजात सांगतो, "हा शत्रूच्या तोफेचा घाव."



शत्रू शेजारीच चुना कालवत असतो.