दाराजवळची जागा

लाल.

चार्जरचा दिवा लागला आणि तिचं डोकं फिरलं. नवरा आत्ताच पार्सलं पोचवून आला होता. स्कूटरची बॅटरी खांद्यावरून उतरवली ती सरळ दाराजवळच्या प्लगला. चार्जर घरघरतो म्हणून वर चादर.

"अहो, गरम आहे अजून. निवू तरी द्या."

"संध्याकाळची फेरी तू करणार आहेस का?"

"आणि हा चार्जर कुणाचा?"

"शेजाऱ्याचा. आपला जळला ना. पिन बसते की!"

पिन बसते. तिनं चादर ओढून काढली. दाढ दुखल्यावर गाल सुजावा तशी बॅटरीची एक बाजू फुगलेली. वर चिकटपट्टीचे वेढे.

"जिन्यावरून पडली तेव्हाच दुकानदार म्हणाला होता, ही पुन्हा लावू नका. घराला दार एकच. त्याच दारात हा निखारा. पेटला तर आम्ही निघायचं कुठून? खिडकीच्या गजांतून?"

"रोज रात्री लावतो. आजवर काही झालंय? उगाच आकांडतांडव."

तिनं वायर उपटली.

बंद.

त्यानं पुन्हा खोचली.

लाल.

ती वळली. आतल्या खोलीत गेली. सासूबाईंचे पाय चालत नाहीत. तिनं त्यांची गादी त्यांच्यासकट फरशीवरून ओढत आणली आणि बॅटरीला भिडवली.

"अगं, हे काय चाललंय?"

"काही होत नाही ना? मग आजपासून आई इथं झोपतील."

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा त्या फुगलेल्या डब्याकडे. उशी सारखी केली.

"बरंय की. ऊब आहे."

"आईला तिथं नको!" तो ओरडला.

ओरडला, आणि त्याची नजर मागे गेली.

बॅटरीमागच्या भिंतीला दोन गाद्या गुंडाळून उभ्या होत्या. एक बायकोची, एक लेकीची. रात्री बॅटरी लावून तो आईच्या सोबतीला आत जायचा. या दोघी इथं, दाराजवळ.

सासूबाईही त्या गाद्यांकडेच बघत होत्या.

"बोला ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच त्याला तो सोसेना. "आईला नको. मग कुणाला चालतं?"

तो आईची गादी ओढायला वाकला.

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी हलायची नाही. तो डबा हलव."

बंद.

रोज जी खांद्यावर टाकून शीळ घालत जिना चढायचा, ती बॅटरी आता दोन्ही हात लांब करून, तोंड फिरवून, तो एकेक पायरी खाली मोकळ्या पटांगणाकडे नेत होता. तिनं दार सताड उघडं धरलं होतं.

जपून, असं ती एकदाही म्हणाली नाही.