गोवरीवरचा पंजा

“हात माणसाचाच लागतो, का गोवरीवरला बी चालतो?” कडूबाईंनी विचारलं.

निकिता गोंधळली. परभणीच्या कॉलेजातून ती जिंतूरजवळच्या या गावात तळहातांचे फोटो जमवायला आली होती. बोटांची लांबी, त्यांच्यातलं अंतर, तळव्याची रुंदी मोजून तिचा मोबाइल हात कुणाचा ते सांगायचा. सकाळपासून साठ हात झाले होते. बायकांना आधी वाटलं, ही भविष्य सांगते. दोघींनी तर सुनेच्या पाळण्याचंही विचारून घेतलं.

कडूबाईंची अडचण वेगळी होती. सून प्रियांकाला परभणीला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. महिनाभर स्वतःच्या हातानं गोवऱ्या थाप, मग जा, अशी त्यांची अट. आज महिना भरला. भिंतीवर एकसारख्या, देखण्या गोवऱ्या लागल्या होत्या. पण शेजारची बबिता गावभर सांगत सुटली होती, की शहरातल्या पोरीला शेणाचा वास सोसत नाही, थापणारं दुसरंच कुणीतरी आहे.

“होऊ द्या दुधाचं दूध,” कडूबाई म्हणाल्या.

भिंतीपाशी सगळे जमले. प्रियांकाचा चेहरा उतरला. सासरे दत्तराव बाजेवर सुपारी कातरत बसले होते. घरात पाण्याचा तांब्याही हातानं न घेणारा माणूस. सकाळी त्यांनी निकिताच्या मोबाइलपुढं हात धरला, तेव्हा साबणाचा घमघमाट आला होता.

निकितानं गोवरीवरच्या पंजाचा फोटो काढला, ठसा उलटा उमटतो म्हणून तो उलटवून घेतला. नाव आलं, दत्तराव.

तिनं बाजेकडं पाहिलं. सुपारी केव्हाच संपली होती, अडकित्ता मात्र चालूच होता.

“प्रियांकावहिनींचाच हात आहे,” ती म्हणाली.

बबिता नाक मुरडून निघून गेली. कडूबाईंनी सुनेला उद्याची पहिली एसटी धरायला सांगितलं, आणि प्रियांकाला हसू का रडू असं झालं.

कडूबाई निकिताला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. खोटं बोलल्याची तिला टोचणी लागली होती. अखेर तिनं खरं नाव सांगायला तोंड उघडलं, तसं कडूबाईंनी तिला मधेच थांबवलं.

“राहू दे, पोरी. चाळीस वर्सांमागं माझी सासू माझ्यावर लय खूश झालती, ती बी ह्याच हाताच्या गोवऱ्या बघून.”