खाजवलं की पाय हलतो

शिंप्यानं कुत्र्याला बरगडीखाली खाजवलं, तसा लुळा मागचा पाय भराभर हलू लागला. "बघा, डॉक्टरीणबाई, पायात जीव आहे!" कुत्रा मोटारीखाली सापडला तेव्हापासून शिंपी याच आशेला चिकटून बसला होता. ट्रेमध्ये त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. "दादा, खाजवलं की पाय आपोआप हलतो. पाठीचा कणाच परस्पर हुकूम सोडतो, डोक्याला पत्ताही नसतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हात काढा, नुसतं बोला त्याच्याशी. ऐकून शेपटी हलली, तर डोक्याचा हुकूम खाली पोचतोय, कणा पुरता तुटलेला नाही." दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या शिंप्यानं हात काढून कुत्र्याच्या कानाशी तोंड नेलं. रोज संध्याकाळी मशीन झाकताना म्हणायचा, तेच तोंडून निघालं: "चल रे बाबा, दुकान बंद करू." कुत्रा निपचित पडून होता. मग टेबलावर शेपटी एकदा आपटली. "एवढ्यात नको," म्हणत डॉक्टरीणबाईंनी सुईवर टोपण चढवलं.